निम्मा कारखान्याचा, निम्मा गावाचा

वस्तादांच्या हातात एक फळी होती. खोक्याची, वीतभर रुंद, एका अंगाला जुन्या ट्यूबचं रबर ठोकलेली. इंजिनाचा एअर क्लीनर त्यांनी काढून बाजूला ठेवला होता आणि हवा आत ओढणाऱ्या त्या उघड्या तोंडाशी ते बॉनेटखाली वाकून उभे होते. "गाडी उठली आन् खाली बसायचं नाव घेईना, तर मी फळी लावणार. तवा कुणी मधी यायचं न्हाई," त्यांनी सगळ्यांना बजावलं. नारळ, अगरबत्ती, झेंडूचा हार असं सगळं आणलेलं होतं, पण ते लांब, खुर्चीवर. आधी फळी, मग नारळ.

बावीस वर्षं उभ्या असलेल्या डिझेल इंजिनाला पहिल्यांदा उठवताना फळी का लागते, हे मला त्या चैत्रातल्या सकाळी कळलं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. चावी फिरवली की ठिणगी बंद आणि इंजिनही बंद. डिझेलला ठिणगीच नाही. सिलिंडरमधली हवा पंधरा-वीस पटींनी दाबली की ती इतकी तापते, की तिच्यात डिझेलचा फवारा सोडताच तो आपोआप पेट घेतो. डिझेल आणि हवा मिळते आहे तोवर हे इंजिन चालत राहणार. डिझेल किती सोडायचं हे पंपातला एक दातेरी दांडा ठरवतो. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की आतलं डिझेल चिकट होतं आणि दांडा जागच्या जागी धरून बसतो. तो पूर्ण उघडा असताना अडकलेला असेल, तर एकदा पेटलेल्या इंजिनाचा वेग वाढतच जातो, पार कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईपर्यंत. अशा वेळी त्याचा श्वास कोंडायचा. कापड लावलं तर इंजिन ते गिळून टाकतं, म्हणून फळी. वस्तादांनी पंप उघडून, धुऊन, बेंचवर तपासून आणला होता. दांडा बोटानं सरकत होता. तरी फळी हातात होतीच.

केबिनमधल्या पोरानं डॅशबोर्डवरचा खटका निम्मा ओढला. समोरच्या छोट्या जाळीमागची तार हळूहळू लाल होत गेली. आतले ग्लो प्लग तापल्याची ती खूण. सगळेजण त्या लाल तारेकडे बघत होते. वस्तादांनी मान हलवली, पोरानं खटका पूर्ण ओढला. स्टार्टर कण्हला, इंजिन एकदा, दोनदा, तीनदा फिरलं, आणि एक्झॉस्टमधून पांढऱ्या धुराचा लोट आला. मग खोकल्याची उबळ, मग एक गचका, आणि मग सगळं अंगण हलवणारा तो आवाज. धूर पांढऱ्याचा निळसर झाला. वेग वर गेला, थांबला, खाली आला. वस्तादांनी फळी लावली नाही, पण खालीही ठेवली नाही. चांगली पाच मिनिटं ते तसेच उभे राहून ऐकत होते. लोक टाळ्या वाजवत होते आणि त्यांच्या कपाळावर आठी होती.

"पाच चालत्यात," ते म्हणाले. "चार नंबर झोपलाय."

मग त्यांनी पाना घेतला आणि नोझलकडे जाणाऱ्या सहा नळ्यांचे नट एकेक करून सैल केले. नळी सैल केली की त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं आणि इंजिनाचा ताल बिघडतो. एक, दोन, तीन, प्रत्येक वेळी आवाज लंगडला. चौथी नळी सैल केली तेव्हा काहीच बदललं नाही. जो मुळातच झोपलेला आहे त्याचं जेवण बंद केल्यानं काय फरक पडणार? नोझलची सुई अडकली होती. ती मोकळी केल्यावर सहाही सिलिंडर एका लयीत बोलू लागले, आणि मग नारळ फुटला.

हा लेख त्या ट्रकविषयी आहे, पण त्याहून जास्त त्या पाच मिनिटांच्या ऐकण्याविषयी आहे.

चिंचेखालची गाडी

कराड आणि कोल्हापूरच्या मधल्या पट्ट्यातलं हे गाव. गाडीच्या मालकांना सगळे आबा म्हणतात. त्यांच्या वडिलांनी ही टाटा-मर्सिडीज घेतली तेव्हा पंचक्रोशीत बैलगाड्याच जास्त होत्या. हंगामात ऊस, हंगामाबाहेर गूळ. कोल्हापूरची गुळाची ढेप मुंबईला पोचवायची आणि परतीच्या फेरीला सिमेंट, खत, पत्रे, जे मिळेल ते भरून आणायचं. गावातल्या शाळेच्या भिंतींची वाळू, पाण्याच्या टाकीचं लोखंड, देवळाच्या सभामंडपाची फरशी आणि कितीतरी लग्नांची वऱ्हाडं याच हौद्यातून आली. गावातली निम्मी सिमेंटची घरं या गाडीनं वाहिली आहेत असं आबा सांगतात, आणि वयस्कर माणसं माना डोलावतात.

पुढे नव्या गाड्या आल्या, ही मागे पडली आणि चिंचेखाली उभी राहिली. टायर जमिनीत रुतले, हौद्यात कोंबड्यांनी घरटी केली. भंगारवाला दरवर्षी यायचा, लोखंडाचा किलोचा भाव सांगायचा आणि गॅस-कटर घेऊन कधी येऊ म्हणून विचारायचा. वडील गेल्यावर आबांनी गाडीला हात लावायचं ठरवलं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा केबिनच्या जागी कुजक्या फळ्यांचा सांगाडा होता. रेडिएटरवर मात्र तीन टोकांचा तारा तसाच होता.

तारा आणि त्याच्या खालचं नाव

या ताऱ्याची गोष्ट सांगायला हवी. जमशेदपूरची टाटांची टेल्को कंपनी १९४५ साली सुरू झाली ती रेल्वेसाठी वाफेची इंजिनं बनवायला. १९५४ साली तिनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी पहिला ट्रक बाहेर पडला. नाकावर मर्सिडीजचा तारा आणि जोडीला टाटांचं नाव. त्याच सुमारास मद्रासजवळच्या एन्नोरला अशोक लेलँडचे कॉमेट ट्रक बनू लागले होते, आणि आपल्या कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो. रस्त्यावर पेट्रोलचे ट्रक अजून पुष्कळ होते. डिझेल स्वस्त होतं, आणि जड ओझं घेऊन हळूहळू चढण्याची डिझेल इंजिनाची ताकद वेगळीच होती. एका पिढीच्या आत मालवाहतूक बहुतेक सगळी डिझेलवर गेली.

आबांची गाडी सुरुवातीच्या लांब नाकाच्या घडणीतली. सहा सिलिंडर एका ओळीत, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, पिस्टनची धाव १२० मिलिमीटर, सगळं मिळून साडेचार लिटरांच्या थोडं वर. ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे आजच्या एखाद्या मध्यम मोटारीइतकी. तेवढ्यावर ही गाडी टनांच्या हिशेबात माल घेऊन खंबाटकी चढायची. या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये पडत नाही. आधी एका छोट्या खोलीत पेटतं आणि तिथून ज्वाळा पिस्टनवर येते. गार इंजिन उठवताना त्या खोलीला ऊब द्यावी लागते, म्हणून ती लाल होणारी तार. टेल्कोनं १९७१ साली थेट फवाऱ्याची इंजिनं आणली आणि तापवण्याचा हा सोहळा हळूहळू इतिहासजमा झाला.

करार १९६९ साली संपला. तारा गेला आणि त्या जागी वर्तुळातलं टाटांचं 'टी' अक्षर आलं. नाकाची ठेवण बरीच वर्षं तशीच राहिली, त्यामुळे कितीतरी जुने चालक नंतरच्या टाटालाही 'मर्सिडीज'च म्हणत. जर्मनांचं बोट धरून चालायला शिकलेला हा कारखाना पुढे स्वतःच्या पायांवर उभा राहिला त्यामागे एका मराठी माणसाची दृष्टी होती, सुमंत मुळगावकर. १९६६ साली पुण्यात टेल्कोचं अभियांत्रिकी संशोधन केंद्र उभं राहिलं आणि १९७७ साली पुण्याच्या कारखान्यातून पहिलं व्यावसायिक वाहन बाहेर पडलं. मुळगावकर दुपारी गुपचूप हायवेवरच्या ढाब्यावर जाऊन ट्रकवाल्यांच्या पंगतीत जेवत आणि गाडीत काय खटकतं ते त्यांच्याच तोंडून ऐकत, ही आठवण टाटांच्या परिवारात आजही सांगितली जाते. 'सुमो' गाडीच्या नावात त्यांच्याच नावाची आद्याक्षरं आहेत.

मूळ गाडी म्हणजे नेमकी कोणती?

जुनी गाडी नव्यानं उभी करणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की नेमकं कुठवर मागं जायचं. मोटारीचं उत्तर सोपं असतं. कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी. तोच रंग, तीच शिवण, तोच बिल्ला.

आबांनी हा प्रश्न विचारला तेव्हा वस्ताद म्हणाले, "कारखान्यातनं आली तवा हिला केबिनच नव्हती."

खरं आहे ते. आपल्याकडचा ट्रक कारखान्यातून यायचा तो काऊल-चासी म्हणून. इंजिन, बॉनेट, पुढचे मडगार्ड, डॅशबोर्ड, स्टेअरिंग आणि मागे चार चाकांवरच्या दोन लांब पट्ट्या. ना छप्पर, ना दार, ना हौदा. जमशेदपूरहून अशी उघडी चासी जवळपास दोन हजार किलोमीटर चालवत आणणारे चालक वेगळे असत. बसायला लाकडी खोकं, डोळ्यांवर गॉगल, डोक्याला उपरणं, ऊन-पाऊस-वारा सगळा अंगावर. ती उघडी गाडी गावाजवळच्या बॉडी बिल्डरकडे उभी राहायची आणि तिथं तिचा दुसरा जन्म व्हायचा. सुतार केबिनचा सांगाडा उभारायचा, लोहार बिजागऱ्या आणि कड्या घडवायचा, पत्रेवाला पत्रा मारायचा, गादीवाला सीट शिवायचा आणि शेवटी पेंटर नाव घालायचा. हौद्याला बाभूळ, कारण ती मार सोसते, आणि केबिनला साग, कारण तो पावसात फुगत नाही. मागच्या फाळक्याचे खिळे कुठे ठोकायचे आणि ताडपत्रीचे दोर बांधायला कड्या किती अंतरावर लावायच्या, हे जमशेदपूरच्या किंवा जर्मनीच्या कुठल्याच नकाशात नव्हतं. ते कराडच्या सुताराच्या डोक्यात होतं. ऊस वाहणाऱ्या गाडीचा हौदा वेगळा, गूळ वाहणाऱ्या गाडीचा वेगळा.

म्हणजे आपला ट्रक निम्मा कारखान्याचा असतो आणि निम्मा गावाचा. त्याला मूळ रूपात आणायचं, तर फक्त लोखंड मूळ रूपात आणून भागत नाही. दुसरा निम्मा हिस्सा ज्या हातांचा, ते हातही शोधावे लागतात.

आबांना असे हात शोधायला आठ महिने लागले. लाकडी केबिन बांधलेला एक सुतार सापडला, सत्तरीच्या पुढचा, आता दारं-खिडक्या करणारा. त्यानं कुजलेल्या सांगाड्याची प्रत्येक फळी मोजून, कागदावर काढून, मगच उतरवली. डॅशबोर्डच्या वरची एक आडवी फळी उलटी केली तेव्हा तिच्या मागच्या अंगाला पेन्सिलीनं लिहिलेले आकडे निघाले. डिझेलचे लिटर, टोलचे आणे-पैसे, हमालीचे रुपये, आणि एका ओळीपुढे फक्त 'पोरगी झाली' एवढंच. आबांच्या वडिलांचं अक्षर. ती पोरगी म्हणजे आबांची थोरली बहीण. कुठल्याशा फेरीवर असताना निरोप मिळाला असणार, आणि हिशेबाच्या फळीशिवाय जवळ लिहायला दुसरं काही नसणार.

सगळी केबिन नव्या सागाची झाली. ती एक फळी मात्र सुतारानं तेल पाजून तशीच परत बसवली. नव्या लाकडाशी तिचा रंग जुळत नाही. कुणी जुळवायचा प्रयत्नही केला नाही.

सहा काचेच्या नळ्या

इंजिनाची गोष्ट सुताराच्या गोष्टीपेक्षा लांब आहे, कारण ते पूर्ण अडकलं होतं. अडकलेल्या इंजिनाला जबरदस्ती केली की रिंगा तुटतात. वस्तादांनी नोझल काढून सहाही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं आणि आठ दिवस कुणालाही हात लावू दिला नाही. नवव्या दिवशी पुढच्या पुलीच्या नटाला लांब दांडा लावून त्यांनी क्रँक दोन्ही दिशांना केसभर हलवून पाहिला. पुढे, मागे, पुढे, मागे. दुपारपर्यंत इंजिनानं हातभर वळण घेतलं. "सुटलं," एवढंच ते म्हणाले.

मग सगळं उघडलं. ब्लॉक बोअरिंगला गेला. क्रँक घासून खालच्या साइजला नेला, म्हणजे त्याची गुळगुळीत मानगुटं पाव मिलिमीटरच्या पायरीनं बारीक केली आणि त्या मापाचे जाड बेअरिंग बसवले. व्हॉल्व ग्राइंडिंग पेस्ट लावून हातानं घासले आणि हेड उलटं करून त्यात रॉकेल ओतून ठेवलं. रात्रभरात थेंब गळला नाही, तर व्हॉल्व बसला. दोन गळले. ते पुन्हा घासले.

एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड तडकलेला होता आणि बाजारात मिळत नव्हता. पुण्याची नाना पेठ, मुंबईचा चोर बाजार, कुर्ल्याची भंगार गल्ली, सगळं पालथं घालून झालं. अखेर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका पॅटर्न मेकरनं तो लाकडात घडवून दिला. मूळ तुकड्याच्या बरोबरीनं नव्हे, थोडा मोठा, कारण वितळलेलं बीड थंड होताना शंभराला एकाच्या आसपास आकसतं. त्या लाकडावर वाळूचा साचा दाबला, साच्यात बीड ओतलं, आणि साठ वर्षांपूर्वीच्या जर्मन नकाशाचा भाग पंचगंगेच्या काठी नव्यानं जन्मला. कोल्हापूरच्या भट्ट्यांनी ऊस गाळायच्या चरकांपासून तेलाच्या इंजिनांपर्यंत काय काय ओतलं आहे. हे काम त्यांच्यासाठी फार मोठं नव्हतं. त्यांनी मोबदलाही बेताचा घेतला. चहा मात्र तीनदा पाजला.

सगळ्यात नाजूक काम पंपाचं. रॉबर्ट बॉशनं १९२७ साली डिझेलचा इंजेक्शन पंप कारखान्यात मोठ्या संख्येनं बनवायला घेतला आणि डिझेल इंजिन ट्रकमध्ये बसण्याजोगं झालं. आपल्याकडे १९५१ साली मायको कंपनी निघाली आणि मायकोचे पंप, मायकोचे नोझल ही नावं देशातल्या प्रत्येक गॅरेजच्या तोंडी बसली. सहा सिलिंडरच्या पंपात सहा बारीक पिचकाऱ्या ओळीत असतात. प्रत्येकीनं ठरल्या क्षणी, ठरलं तेवढंच डिझेल सोडायचं. एका फवाऱ्यात येतं किती, तर जेमतेम दोन-चार थेंब. पंपवाल्याच्या बेंचवर सहा नळ्यांची तोंडं सहा उभ्या काचेच्या नळ्यांत सोडलेली असतात. पंप शेकडो वेळा फिरवतात आणि मग काचांतल्या डिझेलची पातळी बघतात. पहिल्या खेपेला सहा काचांत सहा उंच्या होत्या. पंपवाला एकेक पिचकारी किंचित फिरवत गेला. दुपार टळली तेव्हा सहाही काचांतलं डिझेल दोरी धरल्यासारखं एका रेषेत उभं होतं. त्यानं आम्हाला हाक मारून ती रेषा दाखवली. न दाखवताही पैसे मिळाले असते. कामाचा तो अभिमान मी बरीच वर्षं जवळून पाहिला नव्हता.

या माणसांपैकी बहुतेक जण चौथी-सातवीपर्यंत शिकलेले. काही जण एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, काही जण बारा वर्षांचे असताना गॅरेजात पाने पुसायला लागलेले. पण समोरचं यंत्र त्यांना मुळापासून समजतं. डिझेल टाकीतून निघून नोझलच्या सुईपर्यंत कसं जातं, हे ते डोळे मिटून सांगतात. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आतला कुठला बेअरिंग बोलतो आहे हे ओळखतात. या इंजिनात दडलेलं असं काही नाही. जे बिघडतं ते हातात धरता येतं, मोजता येतं, घासता येतं, नव्यानं ओतता येतं. म्हणूनच साठ वर्षांनीही ते उठू शकतं.

पायाला माहीत असलेली गोष्ट

गाडी चालवायची वेळ आली तेव्हा तात्यांना बोलावलं. तात्या अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. तरुणपणी याच गाडीवर क्लीनर, नंतर चालक. काठी टेकत आले, केबिनच्या पायरीवर हात ठेवून नमस्कार केला आणि कुणी हात द्यायच्या आत वर चढले.

या गाडीचा गिअर नुसता ढकलून पडत नाही. गिअरबॉक्समधल्या दोन चक्रांचा वेग आपोआप जुळवणारी सोय तिच्यात नाही, तो चालकानं जुळवायचा. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, खालचा गिअर टाकायचा असेल तर अंदाजानं रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग लिव्हर सरकवायचा. याला डबल क्लच म्हणतात. अंदाज चुकला तर दातावर दात आपटून सगळ्या गावाला ऐकू जाईल असा आवाज होतो. गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही, मोठं चाक अंगाचा भार टाकून ओढायचं. घाटाचा नियम एकच. ज्या गिअरनं चढलो त्याच गिअरनं उतरायचं, न्यूट्रलचं नाव घ्यायचं नाही. इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक थंड राहतात. कात्रज, खंबाटकी, बोरघाट अशी वाट होती तेव्हाची. तात्या सांगत होते, की बोरघाटात पावसाळ्यात क्लीनर लाकडी ओट घेऊन गाडीबरोबर चालायचा. गाडी अडली की चाकामागे ओट टाकायचा. ते स्वतः असेच खंडाळा कितीतरी वेळा पायी चढले आहेत.

साखर कारखान्याचं गाळप संपलं होतं, केनयार्ड मोकळं पडलं होतं. परवानगी घेऊन गाडी तिथं नेली. तात्यांनी पहिला टाकला, गाडी निघाली. मग दुसरा. मग तिसरा. एकदाही दात वाजला नाही. वळणावर त्यांनी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणली, मधे रेसचा एक छोटा हुंकार, आणि लिव्हर लोण्यात सुरी जावी तशी बसली. मी शेजारी बसून त्यांच्या डाव्या पायाकडे बघत होतो. पंचवीस वर्षांत त्यांनी डबल क्लच मारला नव्हता. विचारलं तर म्हणाले, "मला आठवत न्हाई. पायाला आठवतंय."

जपण्याच्या यादीत ट्रक कुठे आहे?

केनयार्डच्या फाटकापाशी गाडी थांबली, कारण तिथून पुढे सार्वजनिक रस्ता होता. गाडीची नोंदणी केव्हाच संपलेली. केंद्र सरकारनं २०२१ साली विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनं वाहन, नंबरपाटीवर 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, आणि रस्त्यावर फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठी. चांगला नियम आहे. पण तो दुचाकींना आणि खासगी वापराच्या मोटारींना लागू आहे. मालवाहू ट्रकला त्यात जागा नाही. संस्थानिकाची मोटार वारसा ठरू शकते. त्या संस्थानाच्या गावांना सिमेंट, धान्य आणि औषधं पोचवणारा ट्रक मात्र कायद्याच्या नजरेत आयुष्य संपलेलं व्यावसायिक वाहन आहे, आणि त्याचा रस्ता भंगाराकडे जातो.

या जुन्या गाड्या पुन्हा मालवाहतुकीला लावा असं कुणीच म्हणत नाही. त्यांचा धूर घातक आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनी नव्या ट्रकचा धूर कितीतरी निवळला, हे सगळ्यांच्याच फुप्फुसांच्या भल्याचं आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, याचा तर चालकांच्या घरांत आनंदच असेल. बॉनेटच्या उष्णतेत भाजत तात्यांनी जी उन्हं काढली ती पुढच्या पिढीनं काढू नयेत. लाखो जुने ट्रक मोडीत जाणं योग्यच आहे. पण लाखांतले शंभर जपले, तर हवेचं काही बिघडत नाही.

इंग्लंडमध्ये जुन्या व्यावसायिक वाहनांची संस्था १९५८ पासून आहे. दरवर्षी लंडनहून ब्रायटनला जुन्या लॉरी, बस, अग्निशमन बंब रांगेनं जातात आणि लोक रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बघत बसतात. ज्या गावाच्या नावानं लेलँड ट्रक निघाले, त्या गावात व्यावसायिक वाहनांचं संग्रहालय आहे. अमेरिकेत ट्रकच्या इतिहासाची संस्था १९७१ साली निघाली. आपल्याकडे हरयाणात तावडूला २०१३ साली हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम उघडलं आणि तिथं बैलगाडीपासून विमानापर्यंत सगळ्याला जागा मिळाली. महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, एसटीची वर्कशॉप आहेत. यांतल्या प्रत्येकाच्या आवारात एखादा जुना ट्रक गंजत उभा असेल. तो रंग मारून चौथऱ्यावर ठेवला तर दोन पावसाळ्यांत पुन्हा गंजेल. तोच शिकणाऱ्या मुलांच्या हाती दिला, दर वर्षी उघडला, जोडला, चालू केला, तर तो टिकेल. चालती गाडी हीच जपलेली गाडी, कारण ती चालू ठेवायची तर पंपवाला लागतो, सुतार लागतो, पॅटर्न मेकर लागतो. गाडी उभी राहिली की यांची हाक बंद होते, आणि हाक बंद झालेलं कसब एका पिढीत विसरलं जातं.

पेंटरचंच बघा. ट्रकच्या कपाळावर देवाचं नाव, बाजूंना वेलबुट्टी, मागे मोर किंवा कमळ आणि 'हॉर्न ओके प्लीज'. राज्य सरकारनं २०१५ साली व्यावसायिक वाहनांच्या पाठीवरच्या या अक्षरांवर बंदी घातली, विनाकारण हॉर्न वाजू नये म्हणून. कारण रास्त होतं. पण त्याच्या आधीपासूनच स्टिकर आले होते आणि ब्रशनं अक्षर काढणारे हात कमी होत चालले होते. आबांच्या गाडीसाठी सांगलीकडचा एक पेंटर आला. खडूची दोरी ताणून त्यानं फळीवर दोन रेषा मारल्या आणि मोजपट्टी न लावता 'जोतिबा प्रसन्न' लिहिलं. शेवटचा 'न्न' बरोबर फळीच्या मध्यापासून तेवढ्याच अंतरावर संपला जेवढ्यावर पहिला 'जो' सुरू झाला होता. दुसऱ्या बाजूला त्यानं आबांच्या आईचं नाव लिहिलं, कुणी सांगितलं नसताना विचारून.

सहावा आणि पहिला

गेल्या महिन्यात मी पुन्हा गेलो. इंजिन काही तास चाललं की टॅपेट पुन्हा तपासावे लागतात. नवे बसवलेले भाग एकमेकांत बसतात आणि व्हॉल्वची फट बदलते. वस्ताद खुर्चीवर बसले होते. गुडघे दुखतात म्हणाले. बॉनेटमध्ये वाकला होता तो त्यांच्या बहिणीचा नातू, त्या सकाळी खटका ओढणारा तोच. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत पहिल्या वर्षाला आहे. तिथं तो बीएस-६ इंजिन शिकतो, लॅपटॉप जोडून दोष वाचायलाही शिकला आहे. शनिवारी-रविवारी इथं येतो.

सहा सिलिंडरच्या इंजिनाचा पेटण्याचा क्रम एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. गॅरेजातली पोरं तो पाढ्यासारखा पाठ करतात. त्यात जोड्या असतात: एकाचा जोडीदार सहा, पाचाचा दोन, तीनाचा चार. जोडीदाराचे दोन्ही व्हॉल्व एकाच वेळी किंचित हलत असतात, एक मिटताना आणि दुसरा उघडताना, तेव्हा आपल्याला हव्या त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व पूर्ण मिटलेले असतात. तेव्हाच त्यांची फट मोजायची. खुणा पुसल्या असल्या, कागद हरवले असले तरी ही रीत चुकत नाही.

पोरगा दांड्यानं क्रँक फिरवत होता. थांबला. पुन्हा केसभर पुढे. थांबला. फिलर गेजची पात सरकवली आणि बाहेर काढली. वस्ताद डोळे मिटून बसले होते.

"मामा, सहा नंबर हलतोय. एकचे लावू?"

"पात कशी जाती?"

पोरानं पुन्हा सरकवली. "जाती. पर ओढावी लागती."

"मग लाव," वस्ताद म्हणाले, आणि डोळे उघडले नाहीत.